पारा पारा काय करता, कुठला पारा ते सांगा!

खारीचा वाटा (धागाकर्ता)

परवा एका ग्रुपवर नेहमीचा फॉरवर्ड आला, लशीत पारा असतो, पारा म्हणजे विष, सावध व्हा वगैरे. त्यावर एकाने ठणकावून लिहिलं की अहो तो सेंद्रिय पारा असतो, सेंद्रिय म्हणजे चांगलाच की! मी डोक्याला हात लावला. दोघंही चुकले होते आणि त्यातही दुसरा जास्त चुकला होता.

रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे ज्यात कार्बन आहे ते, बस्स. सेंद्रिय शेतीतल्या सेंद्रियाशी त्याचा काही संबंध नाही. पाऱ्याच्या अणूला थेट कार्बनचा गट चिकटला की झाला सेंद्रिय पारा, आणि या कुटुंबातले काही मेंबर म्हणजे माणसाने हाताळलेल्या सगळ्यात भयंकर विषांपैकी आहेत. उलट थर्मामीटरमधला चकचकीत पारा चुकून गिळला गेला तर बहुतेक वेळा आतड्यातून तसाच बाहेर पडतो, फारसा शोषलाच जात नाही (त्याची वाफ मात्र वाईट, सांडला तर झाडूने पसरवू नका).

मला पाऱ्याला शेपटी असते असं म्हणायला आवडतं. मिथिलची शेपटी असेल तर मेंदूपर्यंत जातो. इथिलची असेल तर जातो, पण शरीर त्याला बरंच लवकर हाकलतं. फिनाइलची असेल तर शेपटी शरीरात पटकन तुटते आणि मग तो अजैविक (म्हणजे कार्बनचा गट नसलेल्या) पाऱ्यासारखा वागतो, मूत्रपिंडाला त्रास देतो. आणि दोन्ही बाजूंना मिथिल लावलंत तर डायमिथिल मर्क्युरी, त्याच्याबद्दल खाली कोणीतरी लिहीलच, मी आत्ता लिहीत नाही, जेवायची वेळ झालीये.

या सगळ्यांचा कधी ना कधी कशाला तरी उपयोग झालाय, हे विसरून चालणार नाही. बीजप्रक्रियेला, रंगात बुरशी येऊ नये म्हणून, जखमेवर लावायला, लघवी होण्यासाठी इंजेक्शन म्हणून, डोळ्यांच्या थेंबात, लशीच्या बाटलीत. कुणी खलनायक बसून विष तयार करत नव्हता. गव्हाच्या काणी या बुरशीरोगावर मिथिल मर्क्युरी इतकं छान चालायचं की शेतकीवाले खूश होते, थोडंसंच लागायचं आणि किंचित वाफ होऊन पोत्यातल्या दाण्यादाण्यापर्यंत स्वतःच पोचायचं. वाफ होऊन स्वतःच पोचतं हा गुण बुरशीसाठी, आणि तोच अवगुण माणसासाठी.

तर धागा यासाठी काढला, की कुणाला काय माहितीये ते इथे एकत्र करू. शंका विचारा, भांडा, पण फॉरवर्ड चिकटवू नका.

उलटा चष्मा

मस्त विषय. बीजप्रक्रियेचं नाव काढलंत तर इराकबद्दल लिहायलाच हवं, माझ्या डोक्यातून ती गोष्ट जात नाही.

१९७१. दुष्काळानंतर इराकने बियाण्याचा गहू मागवला, मोठा भाग मेक्सिकोहून आला. मिथिल मर्क्युरी लावलेला, आणि खाऊ नये म्हणून लालसर रंग दिलेला. पोत्यांवर इशारा होता, पण स्पॅनिश आणि इंग्रजीत. कवटी आणि हाडांचं चित्र होतं, त्याचा अर्थ गावातल्या माणसाने काय घ्यायचा? त्यात धान्य पोचलं उशिरा, बऱ्याच ठिकाणी पेरण्या उरकल्या होत्या. घरात धान्य आहे आणि पोटात भूक आहे, मग लोकांनी धुतलं. रंग गेला. रंग गेला म्हणजे औषध गेलं असं कुणालाही वाटेल ना, मलाही वाटलं असतं. पारा दाण्यातच होता.

काही लोक हुशार होते, त्यांनी आधी कोंबड्यांना घालून पाहिलं. काही दिवस वाट पाहिली, कोंबड्या ठणठणीत. मग भाकऱ्या केल्या. इथेच घात झाला, कारण मिथिल मर्क्युरीला लक्षणं दाखवायला आठवडे लागतात. डिसेंबरच्या शेवटी पहिले पेशंट यायला लागले तोवर लोक कितीतरी दिवस ते खात होते. दवाखान्यात ६,५३० जण भरती झाले आणि ४५९ वारले, हे फक्त दवाखान्यातले आकडे.

आणि कळस म्हणजे इराकमध्ये असंच १९५६ आणि १९६० मध्येही झालं होतं, तेव्हा इथिलवाला पारा होता.

तिसरी घंटा

बाप रे. कोंबड्यांची टेस्ट वाचून अंगावर काटा आला. म्हणजे त्यांनी प्रयोग बरोबरच केला होता की, फक्त कालावधी चुकला.

वाळूचं घड्याळ

@उलटा चष्मा, तुमच्या शेवटच्या ओळीवरून विचारतो. इथिल पाऱ्यानेही माणसं मेली ना? मग धागाकर्ते 'शरीर लवकर हाकलतं' म्हणतायत ते काय? लशीत इथिलच असतो ना? की लस आली की विज्ञान वेगळं होतं? मी काही लसविरोधी वगैरे नाही, आधीच सांगतो, पण प्रश्न विचारला की लगेच शिक्का मारतात म्हणून सांगितलं.

खारीचा वाटा

शिक्का नाही मारत हो, प्रश्न रास्त आहे. उत्तर एका शब्दात: डोस. इराकमधल्या लोकांनी आठवडेच्या आठवडे रोज पोटभर खाल्लं. लशीच्या एका डोसमध्ये, म्हणजे थायोमर्सल (इथिल पारा असलेलं प्रिझर्व्हेटिव्ह, लस खराब होऊ नये म्हणून घालतात ते) असलेल्या लशीच्या, साधारण २५ मायक्रोग्रॅम पारा असतो. पण नुसतं डोस म्हणून सुटका नाही, डॉक्टर ईसबगोल आहेत का इथे? त्या नीट सांगतील.

ईसबगोल

आहे आहे, वाचतेय. ड्यूटीवरून आले, टायपो सांभाळून घ्या.

आधी बाटलीत हे घालतात कशाला ते. १९२८ साली ऑस्ट्रेलियात बंडाबर्ग नावाच्या गावात डिप्थीरियाची लस एकाच मोठ्या बाटलीतून बऱ्याच मुलांना दिली. बाटलीत सुई पुन्हा पुन्हा जाते, जंतूनाशक काही घातलेलं नव्हतं, आत स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू वाढला. २१ मुलांपैकी १२ मुलं दगावली. त्यानंतर अनेक डोसच्या बाटलीत काहीतरी प्रिझर्व्हेटिव्ह हवंच हे सगळ्यांना पटलं, आणि थायोमर्सल त्यासाठी वापरात आलं. त्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग पारा असतो हे खरंय, लपवण्यासारखं त्यात काही नाही. आणि गोवराच्या लशीसारख्या जिवंत विषाणूच्या लशींत ते नसतंच, घातलं तर विषाणूच मरेल. एका डोसच्या बाटलीतही गरज पडत नाही.

आता मिथिल की इथिल. मिथिल मर्क्युरी रक्तातून निम्मं व्हायला दीडएक महिना, पन्नासेक दिवस धरा. इथिल बाळांच्या रक्तात मोजलं तेव्हा निम्मं व्हायला चारएक दिवस लागले. म्हणजे पुढची लस येईपर्यंत आधीचं रक्तातून जवळपास गेलेलं असतं, मिथिलसारखं साचत नाही. १९९९ ला अमेरिकेत ते लहान मुलांच्या लशींमधून काढायला सांगितलं तेव्हा इथिलसाठी वेगळी मर्यादा ठरलेलीच नव्हती, म्हणून मिथिलची लावून हिशोब केला आणि खबरदारी म्हणून काढलं. लोकांनी त्याचा अर्थ घेतला की बघा, कबुली दिली. लशीतल्या पाऱ्याने ऑटिझम होतो असा दावा होता, पण काढल्यावर ऑटिझमचे आकडे खाली आले नाहीत. डेन्मार्कने तर १९९२ लाच काढलं होतं, तिथेही नाही. खबरदारी आणि कबुली यात फरक असतो, पण तो समजावताना घसा कोरडा पडतो.

वाळूचं घड्याळ

ठीक आहे, चार दिवस आणि पन्नास दिवस हा मुद्दा पटला. हे आधी कुणी असं सांगितलं नव्हतं, सगळे 'सेफ आहे, घ्या' एवढंच म्हणतात.

निळा बगळा

डायमिथिल मर्क्युरीबद्दल मी लिहितो, कारण आमच्या लॅबमध्ये नवीन पोरं आली की मी हीच गोष्ट सांगतो.

कॅरन वेटरहान, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात प्रोफेसर, विषारी धातूंवरच काम करणाऱ्या, म्हणजे हलगर्जी माणूस अजिबात नाही. १४ ऑगस्ट १९९६ ला हूडखाली (वाफ ओढून घेणाऱ्या लॅबच्या कपाटात), हातात लेटेक्सचे ग्लोव्हज घालून, एनएमआरच्या (चुंबकाने रेणूंची रचना तपासायच्या तंत्राच्या) मोजमापासाठी संदर्भ म्हणून डायमिथिल मर्क्युरी काढत होत्या. पिपेटच्या टोकावरून एखाददोन थेंब ग्लोव्हवर पडले. त्यांनी नियमाप्रमाणे आवरलं, ग्लोव्हज काढले, विषय संपला. त्या वेळचे सगळे नियम पाळले होते.

नंतर टेस्ट केली तेव्हा कळलं की लेटेक्समधून ते काही सेकंदांत आरपार जातं. जानेवारीत तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं, मग दिसायला आणि ऐकायला त्रास. रक्तातला पारा निघाला लिटरमागे ४,००० मायक्रोग्रॅम, सामान्य माणसात १ ते ८ असतो आणि २०० च्या वर विषारी धरतात. औषधं दिली, पारा बाहेर पडतही होता, पण मेंदूचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. ८ जून १९९७ ला वारल्या. थेंब पडल्यापासून २९८ दिवस.

मला सगळ्यात हलवून जातं ते केसांचं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि वाढताना रक्तातला पारा आत पकडून ठेवतो. त्यांचा केस तुकड्या-तुकड्याने तपासला तर एकदाच वर गेलेला आणि मग हळूहळू उतरत गेलेला आलेख मिळाला. म्हणजे रोज थोडं थोडं नाही, एकच दिवस. तो दिवस केसात लिहून ठेवलेला होता.

त्यानंतर सल्ला बदलला, लॅमिनेटचे खास ग्लोव्हज आणि त्यावर जाड निओप्रीनचे, आणि त्याहून बरं म्हणजे हे वापरूच नका, एनएमआरला दुसरी पाऱ्याची संयुगं चालतात. मी आजतागायत ती बाटली बघितलेली नाही आणि बघायचीही नाही.

तिसरी घंटा

पण इतकं घातक आहे हे १९९६ पर्यंत कुणालाच माहीत नव्हतं का?

निळा बगळा

माहीत होतं, हेच तर! लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये १८६५ ला डायमिथिल मर्क्युरीवर काम करणारे दोघं बाधित झाले, एक काही आठवड्यांत गेला, दुसरा वर्षभराने. १९४० मध्ये इंग्लंडमध्येच बीजप्रक्रियेचं मिथिल मर्क्युरी बनवणाऱ्या कारखान्यातल्या चार कामगारांचा अभ्यास छापून आला. तोल जाणं, बोबडं बोलणं, नजर बोगद्यासारखी अरुंद होणं. या तिकडीला हंटर-रसेल सिंड्रोम म्हणतात. विष आहे हे ठाऊक होतं, ग्लोव्हमधून येतं हे नव्हतं.

ईसबगोल

त्या तिकडीनेच तर जपानमधल्या मिनामाता गावच्या आजाराचं कोडं सुटलं. तिथले डॉक्टर चक्रावले होते, आधी संसर्ग वाटला, मग दुसरे कुठले धातू वाटले. शेवटी लक्षणं जुन्या पेपरशी जुळली.

उलटा चष्मा

मिनामाता आलंच शेवटी. यावर मी तासभर बोलू शकतो, सगळ्यांना माहीत असलेलं गाळून लिहितो.

मिनामातातली चिस्सो कंपनी १९३२ पासून अॅसिटाल्डिहाइड हे रसायन बनवत होती, पाऱ्याचं सल्फेट उत्प्रेरक म्हणून. प्रक्रियेत थोडं मिथिल मर्क्युरी तयार व्हायचं आणि सांडपाण्याबरोबर खाडीत जायचं. तिथले मासे खाऊन आधी मांजरं वेडीवाकडी नाचायला लागली, समुद्रात पडून मेली, लोक त्याला नाचरा रोग म्हणायचे. १ मे १९५६ ला कंपनीच्याच हॉस्पिटलच्या डॉ. होसोकावांनी आरोग्य कार्यालयाला कळवलं, ती अधिकृत तारीख. याच होसोकावांनी १९५९ ला एका मांजराच्या खाण्यात कारखान्याचं सांडपाणी मिसळून पाहिलं, मांजर नंबर ४००. त्याला तोच आजार झाला. म्हणजे कारखान्याच्या आतच उत्तर मिळालं होतं! कंपनीने निकाल दाबला आणि पुढचे प्रयोग थांबवले.

त्याच डिसेंबरात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं, उद्घाटनाला अध्यक्षसाहेबांनी ग्लासभर पाणी पिऊन दाखवलं. पण ते यंत्र मुळात पारा काढायला बनवलेलंच नव्हतं, आणि अॅसिटाल्डिहाइडचं सांडपाणी त्यातून जातच नव्हतं. लोकांना वाटलं प्रश्न मिटला. सांडपाणी १९६८ पर्यंत चालूच, मधल्या काळात १९६५ ला निगाता भागात दुसऱ्या कंपनीमुळे हीच गोष्ट पुन्हा झाली. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं ते १९६८ च्या सप्टेंबरमध्ये. तोवर तसंही ते उत्पादन बंद झालं होतं. योगायोग म्हणायचा?

चिंचेचं पान

मी इथे नेहमी वाचनमात्र असते, पण आई म्हणून विचारते. तिथे आया ठीक होत्या आणि बाळं आजारी जन्माला आली असं वाचलं होतं. हे कसं?

ईसबगोल

बरोबर वाचलंय. मिथिल मर्क्युरी सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाला चिकटतं आणि ती जोडी दिसायला मेथिओनीनसारखी होते. मेंदूच्या आणि वारेच्या (प्लॅसेंटाच्या) दारावरचे जे वाहक आहेत ते तिला मेथिओनीन समजून आत घेतात. दाराशी कुणी अडवत नाही उलट हात धरून आत नेतात! बाळाच्या रक्तात ते आईपेक्षा जास्त चढतं आणि वाढता मेंदू जास्त नाजूक. त्या काळी समज होता की वार विषं अडवते. जपानमध्ये बाळाची नाळ डबीत जपून ठेवायची पद्धत आहे, डॉ. हारादांनी त्या सुकलेल्या नाळा गोळा करून तपासल्या आणि पारा दाखवून दिला.

आणि एक, माझ्या क्षेत्रातलं म्हणून सांगते. जुनं औषध आहे बीएएल, पाऱ्याच्या इतर विषबाधांत देतात, पण मिथिल मर्क्युरीत ते देऊ नये, मेंदूतला पारा वाढतो. म्हणून कुठला पारा हे आधी ठरवावं लागतं. धाग्याचं शीर्षक वॉर्डात टांगायला हरकत नाही.

वाळूचं घड्याळ

मग मासे खायचे की नाही? धुऊन, चरबी काढून, नीट शिजवलं तर?

खारीचा वाटा

नाही जात. तो चरबीत नसतो, स्नायूंच्या प्रथिनांना, त्यातल्या गंधकाला चिकटलेला असतो. शिजवून पाणी कमी झालं की उलट वजनामागे जास्तच भरतो.

समुद्रात येतो कुठून तर कोळसा जाळला, सोनं काढलं, ज्वालामुखी, की हवेत साधा पारा जातो, पावसाने खाली येतो, आणि चिखलातले ऑक्सिजनशिवाय जगणारे जीवाणू त्याला मिथिलची शेपटी लावतात. कुठली जनुकं हे काम करतात ते २०१३ मध्ये सापडलं. मग शेवाळ, किडा, छोटा मासा, मोठा मासा असा चढत जातो. म्हणून शार्क, स्वोर्डफिश, मोठे ट्यूना यांच्यात भरपूर, आणि तारलीसारख्या छोट्या, कमी जगणाऱ्या माशांत खूप कमी. मासे सोडू नका, गरोदरपणात तर मुळीच नाही, बाळाला त्यातली मेदाम्लं हवी असतात, फक्त मोठे शिकारी मासे टाळा.

पाटी-पेन्सिल

उपयोगांबद्दल कुणी बोलतच नाहीये, शीर्षकावरून वाटलं होतं जास्त असेल. मी थोडं टाकतो.

१९१९, व्हिएन्ना. आल्फ्रेड फोगल नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी, सिफिलिसच्या पेशंटला नोव्हासुरोल हे पाऱ्याचं नवं इंजेक्शन देतो. नर्सने लघवीचा तक्ता ठेवलेला, त्यात आकडे एकदम उसळलेले दिसतात. म्हणजे सिफिलिसचं औषध सूज उतरवायच्या कामाचं निघालं! हृदय कमजोर होऊन अंगात पाणी भरलेल्यांना पुढे जवळजवळ ४० वर्षं अशीच इंजेक्शनं दिली गेली, १९५० च्या दशकाच्या शेवटी लघवी वाढवणाऱ्या थायझाइडच्या गोळ्या आल्या तेव्हा सुटका झाली.

रंगाचं म्हणाल तर भिंतीच्या पाण्याच्या रंगात फिनाइल मर्क्युरी अॅसिटेट असायचं, डब्यात बुरशी येऊ नये म्हणून. १९८९ ला मिशिगनमध्ये घर रंगवल्यावर चार वर्षांच्या मुलाला अॅक्रोडिनिया झाला, हातपाय गुलाबी, सोलवटलेले, घाम, चिडचिड. पुढच्या वर्षी अमेरिकेत आतल्या भिंतींच्या रंगातून ते बंद केलं. अर्जेंटिनात तर १९८० ला बाळांचे लंगोट धुणाऱ्यांनी बुरशी नको म्हणून फिनाइलवालं औषध वापरलं, बाळांना तोच आजार. अजून गोरं करणारी क्रीमं राहिली, त्यात बहुतेक वेळा अजैविक पारा असतो पण २०१९ ला कॅलिफोर्नियात एका बाईच्या क्रीममध्ये चक्क मिथिल मर्क्युरी निघालं, त्या शुद्धीवरच नव्हत्या.

तिसरी घंटा

अवांतर: लहानपणी गुडघा फुटला की ते लाल औषध लावायचे, वाळलं की हिरवट चमकायचं, ते मर्क्युरोक्रोमच ना?? मी तर मुद्दाम जास्त लावून घ्यायचे, शाळेत भाव मिळायचा.

पाटी-पेन्सिल

तेच, मर्ब्रोमिन. जॉन्स हॉपकिन्सच्या ह्यू यंग यांनी १९१९ च्या सुमारास वापरात आणलं. गुडघ्यावर दोन थेंब लावल्याने तुमचं काही झालं नाही, काळजी नको, त्वचेतून फार कमी जातं. १९९८ ला अमेरिकेच्या एफडीएने सुरक्षित-प्रभावी मानलेल्या यादीतून काढलं. जंतू मारण्यात ते तसं बेताचंच होतं, लोकांना आवडायचं कारण झोंबत नाही.

तिसरी घंटा

आमच्या जुन्या कपाटात एक बाटली अजून आहे. ओतून देऊ का बेसिनमध्ये?

निळा बगळा

बेसिनमध्ये नको!! गटारातून चिखलात गेलं की वर लिहिलंय ते जीवाणू बसलेलेच आहेत. झाकण घट्ट असू द्या, जाड पिशवीत घाला, वर लिहा आत पारा आहे, आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. कचऱ्याच्या डब्यात पण नको.

तिसरी घंटा

झाकण घट्टच आहे, काल अर्धा तास खटपट केली, निघालंच नाही.

निळा बगळा

उत्तम. आता खटपट थांबवा.